तानुबाईची हुडहुडी

मोबाईल उपडे ठेवा रे पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही, आपल्या शेजारच्या धनराजची आहे.

इगतपुरीकडच्या एका दवाखान्यात धनराज ऑपरेशनच्या खोलीत मदतनीस होता. सिझरच्या आधी सलाईनच्या बाटल्या आणि ब्लँकेटं गरम कपाटात ठेवायची, हे त्याचं काम. कमरेत भुलीची सुई दिली की बाईला हुडहुडी भरते, दातावर दात आपटतात. ऊब दिली की आवरतं. कपाट त्यासाठीच आणलेलं. पण आपले लोक! त्यात स्टाफचे डबे ठेवायचे. बाईच्या अंगात गार सलाईन आणि साहेबांची आमटी वाफाळती.

तीन वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष अमावास्या. पाड्यावरून तानुबाई आलेली, पहिलटकरीण. सुई दिली आणि ती टेबलावर थडथडायला लागली.

"दादा, लय गार लागतंय. टाका ना कायतरी अंगावर."

"सुईचं हाय ते ताई. जाईल आपोआप," धनराज म्हणाला.

ब्लँकेटं डब्यांखाली दाबलेली, उपसणार कोण? पुढे रक्त थांबेना; गारठलेल्या अंगात रक्त लवकर गोठत नाही. पोर वाचलं, बाई गेली. कागदावर रक्तस्राव लिहिला. गारठा कोण लिहितो?

वर्षानं तीच अमावास्या. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. ललिता नावाच्या बाईचं सिझर ठरलेलं, डॉक्टर अजून वाटेत होते. धनराज तयारी करायला एकटाच आत गेला.

टेबल रिकामं होतं.

कट... कट... कट...

त्याला वाटलं, टेबलाचा पाय हलतोय. वाकून पाहिलं. पाय नव्हे...

दात.

"दादा..."

धनराजनं कपाट उघडलं. डबे भिरकावले. ब्लँकेट ओढलं. रिकाम्या टेबलावर पसरलं. उजव्या हातानं कड खोचली...

खालून कुणीतरी पंजा धरला. घट्ट.

मग आवाज थांबला.

ललिताला त्या रात्री गरम सलाईन मिळालं, गरम ब्लँकेटही मिळालं. मुलगी झाली, बाईला जराही कापरं भरलं नाही. धनराजला मात्र मेमो मिळाला, साहेबांची आमटी सांडली म्हणून. माणूस मेलं तेव्हा साधी चौकशी नव्हती!

परवा भर मे महिन्यात तो माझ्याशेजारी इथेच बसला होता. मी त्याचा उजवा हात धरून पाहिला. मनगटापर्यंत घामानं चिकट. पुढे पंजा... आडातल्या पाण्यासारखा गार.

त्याची बायको संध्या रोज रात्री तो हात चुलीपाशी धरून बसते. दोन वर्षं झाली. अजून गारच आहे.