नेलच्या तोंडचं रक्त

"हिनंच! या राक्षशिणीनंच!" स्वयंपाकघरात होरेस फॉक्सॉलनं बोट दाखवलं.

त्याची बायको मेव्हिस नुकतीच बाजारातून आली होती; हातातली पिशवी खाली टाकून तिनं पाच वर्षांच्या लेकीला, जॅनेटला, छातीशी कवटाळलं. पोरीच्या गालावर टाके आणि पांढरी पट्टी होती. होरेसनं स्वतःच तिला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. कोपऱ्यात शेगडीजवळ नेल उभी होती, ती ठेंगणी, रुंद छातीची, वाघासारख्या पट्ट्यांची स्टॅफर्डशायर बुल टेरिअर कुत्री... आणि तिच्या पांढऱ्या हनुवटीवर रक्त वाळलेलं होतं!

होरेसची थोरली बहीण लेटी परसातल्या धुण्याच्या खोलीतून ओल्या हातांनी धावत आली. तिनं कुत्रीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. नेलनं पोरीचा गाल चाटला असणार, हे तिला तत्क्षणी उमगलं. पण चावा? नेल चावेल? अशक्य!

"जॅनेट, बाळा, बघू इकडे," म्हणत तिनं पोरीची हनुवटी हलकेच वर केली. आणि तिचा हात तिथंच थबकला. पोरीच्या कानामागे दाढीच्या साबणाचा फेस वाळून बसला होता...

तिनं भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं. आरशाखाली होरेसचा उघडा वस्तरा नेहमी पडलेला असे. तो आज तिथं नव्हता. आरशाखाली तीनपायी स्टूल मात्र ओढलेलं होतं. बाबांसारखी दाढी करायला पोर स्टुलावर चढली होती! लेटीनं भावाच्या डोळ्यांत पाहिलं. होरेसनं मान खाली घातली. तेवढ्यानंच तिला सारं कळलं.

त्याला ठाऊक होतं! ठाऊक असूनही हा माणूस एका मुक्या जिवावर आळ घेत होता!

"उद्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो आणि संपवतो एकदाची," होरेस पुटपुटला.

"उद्या कशाला? आत्ता ने!" मेव्हिस किंचाळली. "मी तेव्हाच म्हणाले होते, ही झुंजीची जात घरात नको. पण लेटीचा हट्ट! स्वतःचं लेकरू नाही ना, मग दुसऱ्याच्या लेकराची काय पर्वा!"

ते शब्द लेटीच्या काळजात तापल्या सळईसारखे घुसले. स्वतःचं लेकरू नाही! आई गेली तेव्हा होरेस नऊ वर्षांचा होता आणि लेटी एकोणीसची. क्रॅडली हीथ गावातल्या साऱ्या गरीब मुलींसारखी तीही परसातल्या भट्टीवर हातोडा घेऊन लोखंडी साखळीच्या कड्या ठोकायची. तिला मागणी घालणारा सॅम्युएल कॅनडाला निघाला, तेव्हा म्हणाला, "चल माझ्याबरोबर. पण पोराला नाही नेता येणार." ती गेली नाही. ज्याच्यासाठी गेली नाही, तो हा समोर उभा होता... मान खाली घालून!

आणि हट्ट म्हणे! नेल काय तिनं रस्त्यावरून उचलून आणली होती? पिल्लाची हौस जॅनेटची होती, पण कष्ट लेटीचे होते. म्हाताऱ्या जॉब टिबेट्सच्या अंगणात ती लागोपाठ तीन रविवार गेली होती. "पिल्लाचं तोंड नको बघूस, बये," जॉब म्हणाला होता, "आईचं बघ. परक्याच्या हातात पोरं देताना जी गुरगुरत नाही, तिचंच पिल्लू घरात न्यावं." सगळ्यांवर चढाई करणारं धिप्पाड पिल्लू तिनं सोडलं, कोपऱ्यात थरथरणारंही सोडलं. मांडीवर उताणं धरल्यावर क्षणभर धडपडून जे शांत झालं आणि ज्यानं तिचा अंगठा चोखला, ते तिनं निवडलं. मग रोज दोन वेळा फिरवणं, पट्टा न ओढायला शिकवणं, थंडीत अंगावर जुना लोकरीचा कपडा बांधणं, खरखरीत हातमोज्यानं अंग चोळणं. असल्या जबड्याच्या कुत्रीशी चिंधीची ओढाओढ खेळायची नाही, हे तिनं जॅनेटला बजावलं होतं. आणि मोठं माणूस नसताना पोर आणि कुत्री एका खोलीत ठेवायची नाहीत, हा नियमही तिचाच. त्या दुपारी मोठं माणूस म्हणून होरेस घरात होता, आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होता!

एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा अवकाश होता. तो तिच्या ओठांपर्यंत आला. पण गेल्या हिवाळ्यात होरेसनं गॅस उघडा टाकला, तेव्हा मेव्हिस पोरीला घेऊन डडलीला माहेरी गेली होती. तीन महिन्यांनी परतताना बजावून म्हणाली होती, "पुन्हा तुझ्या निष्काळजीपणानं माझ्या पोरीला काही झालं, तर या दारात पाय ठेवायची नाही." लेटीनं जॅनेटकडे पाहिलं. हे घर मोडायचं? तेही आपल्या तोंडानं?

"मी नेलला घेऊन जाते," ती म्हणाली.

"कुठे?" होरेसचा आवाज फुटला.

"तुला काय करायचंय?" तिनं पट्टा घेतला. "पण हिच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही. समजलं ना, होरेस? कुणी म्हणजे कुणी नाही!"

आणि ज्या घराची चूल तिनं तीस वर्षं पेटवली, त्या घरातून ती एका कुत्रीसह बाहेर पडली. दारापर्यंत कुणी आलं नाही!

म्हाताऱ्या जॉबच्या साखळ्या घडवायच्या कारखान्यावरची एक खोली तिला मिळाली. पण गावाची जीभ कोण धरणार? बायका नेलला पाहून पोरांना आपल्यामागे ओढू लागल्या. खाटीक म्हणाला, "तिला बाहेर बांध, लेटी. गिऱ्हाईक घाबरतं." रविवारी चॅपलच्या दारात प्रार्थनेला आलेल्या मिसेस होमरनं तर ऐकवलंच, "माणसापेक्षा कुत्रं प्यारं झालं म्हणायचं!" संतापानं लेटीचं अंग जळत होतं. माणूस खोटं बोलला आणि शिक्षा कुणाला? जिला बोलताच येत नाही, तिला! नेल मात्र प्रत्येकाला शेपूट हलवत राही, आणि ते पाहून लेटीला अधिकच भडभडून येई.

सहा आठवडे असेच गेले. मग एका सकाळी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात मेव्हिस, डोक्याला रुमाल नाही, अंगात घरातला एप्रन, हाताला धरलेली जॅनेट.

"नेल!" पोरीनं हात सोडवून घेतला आणि कुत्रीच्या गळ्याला मिठी मारली.

मेव्हिस धापा टाकत होती. "खोकल्यासाठी डॉक्टरकडे नेलं होतं हिला. गालाकडे बघून म्हणाले, 'व्रण छान भरलाय. मिस्टर फॉक्सॉल आता वस्तरा वर ठेवतात ना?' लेटी, मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं! डॉक्टरला खरं सांगितलं त्यानं... आणि मला? पोरीला म्हणाला, आईला सांगू नकोस, ती रागावेल!"

लेटीनं नुसती मान हलवली.

"तुला माहीत होतं?" मेव्हिसचा आवाज चिरकला. "माहीत होतं! मग बोलली का नाहीस? मी तुला लेकरावरून बोलले, तेव्हा थोबाडीत का नाही मारलीस माझ्या?"

"तू डडलीला गेली असतीस."

मेव्हिस खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडू लागली. "नाही जात," ती हुंदक्यांतून म्हणाली, "मी नाही जात कुठे. पण तुझ्याशिवाय त्या घरात पाय कसा ठेवू? मला क्षमा कर गं..."

लेटीनं तिला जवळ घेतलं. मेव्हिसवर तिचा राग नव्हताच. आईच ती, लेकरासाठी आंधळी झालेली. राग होता तो दुसऱ्यावर, आणि तो जिन्याच्या तळाशी टोपी चुरगाळत उभा होता.

"वर ये!" लेटी गरजली.

होरेस वर आला. तो थोराड माणूस उंबऱ्यातच थांबला. "लेटी, मी भ्यालो... तोंडातून निघून गेलं, मग मागे घेताच येईना. घरी चल. मार मला, पण घरी चल!"

"मारू? नऊ वर्षांचा असतास तर मारलं असतं!" ती म्हणाली. "माझं सोड. मी बोलू शकत होते, नाही बोलले. हिचं काय? तू हिला मारायला निघाला होतास, होरेस! खरं ठाऊक असताना!"

नेल त्याच्याजवळ गेली, त्याचा हात हुंगला आणि शांतपणे चाटू लागली. तेव्हा मात्र तो लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

लेटीनं पट्टा त्याच्या हातात दिला. "आज शनिवार. हमरस्ता भरलेला असेल. हिला घेऊन चाल, आणि गावात ज्याला ज्याला तू खोटं सांगितलंस, त्याला त्याला खरं सांग."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

सारं क्रॅडली हीथ त्या दिवशी पाहत राहिलं. खाटकाच्या दुकानात होरेस फॉक्सॉल लालबुंद होऊन म्हणाला, "नेल चावली नव्हती. माझा वस्तरा होता. मी झोपलो होतो. मी खोटं बोललो." पावाच्या दुकानात तेच. वाटाण्यांच्या गाड्यापाशी तेच. दर खेपेला आवाज फाटत होता, पण शब्द एकही कमी होत नव्हता. मागून लेटी, मेव्हिस आणि जॅनेट चालत होत्या. खाटकानं मुकाट्यानं एक हाड आणून नेलपुढे ठेवलं.

चौकात होरेस थांबला. कपाळावर घाम, डोळे सुजलेले. "लेटी," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बघ ना, हिनं तर मला कधीच माफ केलं."

"ती कुत्री आहे. तिला राग धरता येत नाही," लेटी म्हणाली. "मला येतो."

मग ती पुढे झाली. त्याचा सुटलेला मफलर तिनं नीट गुंडाळून कोटात खोचला, अगदी घट्ट, वारा लागू नये असा... आणि तिचे डोळे अखेर भरून वाहू लागले.

"चल," ती म्हणाली. "मिसेस होमर राहिलीय अजून. तिला सांग, की मग आपण घरी जाऊ."