ओंजळीएवढी टोपली

पैनगंगा विद्यापीठाच्या मुद्राकक्षातल्या लांब टेबलावर त्या सकाळी वीस टोपल्या मांडून ठेवल्या होत्या, आणि वीसच्या वीस चुकल्या होत्या.

तशा त्या देखण्या होत्या. वीण घट्ट होती, बूड टेबलावर नीट बसत होतं, काठाला कुठे बांबूच्या कमटीचं टोक बाहेर आलेलं नव्हतं. पण शेजारी ठेवलेली जंगूबाई टेकामांची मूळ टोपली चांगली हातभर रुंद होती आणि तिच्या विणीचं वळण उजवीकडे जात होतं. विद्यार्थ्यांच्या टोपल्या जेमतेम वाटीएवढ्या होत्या, आणि प्रत्येकीचं वळण डावीकडे होतं.

"एक टोपली चुकली तर विद्यार्थी चुकला म्हणता येतं," डॉ. विश्राम देवतळे म्हणाले. "वीस जणांनी एकच चूक केली, म्हणजे चूक आपली आहे."

मुद्राविज्ञान हा देवतळ्यांचा विषय. विद्यापीठात काही बिघडलं की आधी समिती नेमायची आणि मग कारण शोधायचं अशी पद्धत असते. देवतळे मात्र आधी कारण शोधत, त्यामुळे ते समित्यांवर फारसे नसत. त्यांच्यासमोर उभ्या होत्या डॉ. मैना टेकाम, आदिवासी ज्ञानशाखेच्या प्रमुख. सन २०५७ मध्ये ही शाखा त्यांनीच भांडून उभी केली होती. इथे रानातल्या कंदांचा अभ्यासक्रम होता, ग्रामसभेच्या कायद्याचा होता, कोलामी आणि माडिया भाषांचे होते, आणि गावातल्या जाणत्या माणसांना प्राध्यापकाचा दर्जा होता. या वर्षी बांबूकामाच्या प्राध्यापक म्हणून आल्या होत्या जंगूबाई. त्या मैनाबाईंच्या आई. नेमणुकीच्या बैठकीत मैनाबाई दाराबाहेर बसून राहिल्या होत्या, कोणी बोट दाखवू नये म्हणून.

बियाणं ठेवायची ही टोपली आता पोडावर, म्हणजे त्यांच्या कोलाम वस्तीत, दुसऱ्या कोणाला येत नव्हती. वीण इतकी दाट की मुंगी शिरत नाही. आणि जंगूबाईंना कंपवात झाला होता. दिवाळीनंतर त्यांच्या बोटांत कमटी ठरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हातात फक्त हा एक पावसाळा होता.

"मला पुन्हा पहिल्यापासून सांगा," मैनाबाई म्हणाल्या. "मुद्रा घेतो तेव्हा नेमकं काय उमटतं?"

देवतळ्यांनी टेबलावरचा मुद्राटोप उचलला. जाळीदार, हलका, आतून बारीक ठिपक्यांसारखे संवेदक. "माणूस सवयीचं काम करतो तेव्हा त्याचा मेंदू जवळजवळ गप्प असतो. हात आपले चालत राहतात. त्यातून आपल्याला काही मिळत नाही. पण तोच माणूस कोणाला शिकवायला बसला, की मेंदूला ते काम पुन्हा उलगडावं लागतं. आता ही कमटी दाब, आता सोड. तेव्हा कौशल्यमुद्रा उमटते. म्हणून टोप घालताना आपण शिकवणाऱ्यासमोर कोणाला तरी बसवतो. पुढे तोच टोप विद्यार्थ्याने घातला, की ती मुद्रा त्याचे हात चालवते."

"आणि शिकवणाऱ्याच्या मेंदूत हात कोणाचा असतो?"

"शिकणाऱ्याचा. हा मुद्दा आमच्या लोकांच्याही उशिरा लक्षात आला. शिकवणारा स्वतःचा हात हलवत नसतो, समोरच्याचा हात मनातल्या मनात हलवून बघत असतो. त्याला आम्ही शिष्यछाया म्हणतो. ती मुद्रेतून वेगळी काढता येत नाही, कारण मुद्रा तिच्याच मापाने लिहिलेली असते. जंगूबाईंसमोर ललिता कुमरे बसली होती. त्यामुळे मुद्रेत ललिताचा हात आहे."

त्यांनी नोंदीचा कागद पुढे सरकवला. मैनाबाईंनीच तो भरला होता, त्यांच्या त्या मुंगीच्या पावलांच्या, सावकाश अक्षरात. शिकवणाऱ्याचे नाव: जंगूबाई टेकाम. शिकणाऱ्याचे नाव: ललिता कुमरे. वय: एकोणीस.

"मग वळण उलटं का?"

देवतळे जरा घुटमळले. "रागावू नका. टोपाच्या तारा तुम्ही जोडल्या होत्या. डावी बाजू उजवीकडे लागली असेल, तर मुद्रा आरशातल्यासारखी उलटी उमटते. नवखे लोक ही चूक नेहमी करतात."

मैनाबाईंनी नोंदीचा कागद स्वतःकडे ओढला. आईच्या उरल्यासुरल्या दिवसांतली मुद्रा आपल्याच हातून बिघडली असेल, तर त्या स्वतःला कधी माफ करणार नव्हत्या. पण त्या शास्त्रज्ञही होत्या, आणि शास्त्रज्ञ रडायच्या आधी पडताळून पाहतो.

"तारा उलट्या लागल्या तर वळण उलटं होईल," त्या म्हणाल्या. "टोपली लहान कशी होईल?"

तरी देवतळ्यांनी मुद्रा संगणकावर उलटवून पाहिली. ती सुधारलेली मुद्रा घेऊन चार विद्यार्थी आठवडाभर बसले. पण या वेळी बूडसुद्धा जमेना. बोटं मध्येच अडकायची, जणू दोघं जण एकच कमटी ओढत आहेत. आधीच्या मुद्रेने निदान टोपली होत होती. म्हणजे आधीची मुद्रा खरी होती आणि तारा बरोबर लागल्या होत्या. आता प्रश्न एवढाच होता, की ती कोणासाठी खरी होती.

उत्तर ललिताने आणून दिलं, तेही चहा पिता पिता. ललिता कोलाम नव्हती, गोंड होती, झरीकडची, आणि वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारी. ती आपली टोपली घेऊन मुद्राकक्षात आली.

"मॅडम, आजींनी पहिल्या दिवशी एक रीत सांगितली होती. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतली आणि विसरले."

"कोणती?"

"शिकणाऱ्याची पहिली टोपली त्याच्या ओंजळीएवढी असते. मोठी विणायची नाही. मूल वाढतं तशी टोपली वाढवत न्यायची. म्हणून मी माझी ओंजळ मोजून पाहिली." तिने दोन्ही तळवे जोडून टोपलीत घालायचा प्रयत्न केला. बोटांची पेरं काठावरच अडली. "ही माझी नाही मॅडम. आमच्या वर्गातल्या कोणाचीच नाही. सगळ्यांनी हात घालून बघितले, अन् खूप हसलो."

देवतळे हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मुद्रेतली मापं काढायला घेतली. अंगठा आणि तर्जनीमधलं अंतर, मनगटाचा झोक, कमटीवर पडणारा जोर. हे आधीच करायला हवं होतं असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. छाया ललिताचीच असणार, असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. समोर बसवलं तिलाच शिकवलं जाणार, यात तपासायचं काय! शिकवणाऱ्याच्या मनात कोण बसलंय हे विचारणारा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

वीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"मूल आहे. सहा वर्षांचं, फार तर सात. आणि डावखुरं आहे, यात शंका नाही. कामाचा हात डावा आहे. जंगूबाई कुठल्या तरी लहान, डावखुऱ्या मुलाला शिकवत होत्या." त्यांनी विचारलं, "तुम्हाला धाकटं भावंड होतं का मॅडम?"

मैनाबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. त्यांचा डावा हात मांडीवर होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, पुष्कळ दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तशा.

सहा वर्षांच्या असताना त्यांना आश्रमशाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली आणि डावा हात पाठीमागे धरायला लावला. जेवतानाही तसंच. बाई दुष्ट नव्हत्या. मुलीचं भलं करतोय असंच त्यांना वाटत होतं. वर्षभरात मैना उजव्या हाताची झाली. अक्षर तेवढं कायमचं सावकाश राहिलं. पुढे आपण डावखुऱ्या होतो हे सांगायची वेळच आली नाही, आणि मग त्या स्वतःही विसरल्या.

ललिता बाहेर गेली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

जंगूबाई विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, बांबूच्या बेटाजवळ सतरंजीवर बसल्या होत्या. प्राध्यापकांची खोली त्यांना मिळाली होती, पण तिथल्या फिरत्या खुर्चीवर त्या एकदाच बसल्या आणि नको म्हणाल्या. उजव्या हाताची थरथर लपवायला त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला होता. मैनाबाई येऊन समोर बसल्या आणि ती लहानशी टोपली त्यांनी मध्ये ठेवली.

"माय, ही कोणाची टोपली हाय?"

जंगूबाईंनी वाकून टोपली पाहिली. वळण पाहिलं, बूड पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर चोरी पकडलेल्या पोरीसारखं हसू आलं.

"तुये साहेब रागावले काय वं?"

"नाई रागावले. तू सांग."

"ते ललिता बसली होती समोर. गुणाची पोरगी हाय. म्या तिच्याचकडं पाहून शिकवलं, देवाशप्पथ." त्या थांबल्या. "पन हात शिकवाचे म्हटले का मले तुयेच दिसतात. त्याले मी काय करू?"

मैनाबाईंनी टोपली मांडीवर घेतली.

"तू गेली त्या हप्त्यात तुयं बूड धरून झालं होतं," जंगूबाई सांगू लागल्या. "डाव्या हातानं ओढे तू कमटी. तुया बाप म्हने, पोरगी उलटं विणते. म्या म्हटलं, विणू दे, उलटी टोपली काय गळते? सात फेर झाले होते. मंग शाळेची जीप आली. ते बूड म्या लई दिवस ठेवलं. मंग वाळवी लागली त्याले."

"सुट्टीत यायची की मी. तेव्हा का नाही शिकवलं?"

"तुया हातात पुस्तक राहे. म्या म्हटलं, हिचे हात आता आपले नाईत. कमटी दिली अन् शिकनं मोडलं तर?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण एक हात सुटला असता तर दुसरा थरथरताना दिसला असता. "रागावू नको बाई. शाळा तुयी चांगलीच झाली."

मैनाबाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडल्या. दोन प्राध्यापिका अशा भर सकाळी सतरंजीवर रडताना पाहून वनस्पतिशास्त्राचे एक गृहस्थ लांबूनच मागे वळले.

दुपारी देवतळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसरी मुद्रा घेता येईल. पण समोर कोणालाही बसवलं तरी छाया तीच येणार. मेंदू अर्धवट राहिलेलं शिकवणं सोडत नाही. ते पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हात आत शिरायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वर्गात एकविसावी विद्यार्थिनी घ्यावी लागेल. रजा टाका मॅडम."

मैनाबाईंनी अकरा दिवस रजा टाकली. रोज सकाळी त्या बांबूच्या बेटाजवळ आईसमोर बसत, टोप नाही, यंत्र नाही. पहिल्या दिवशी उजवा हात पुढे आला तेव्हा जंगूबाईंनी तो हलकेच बाजूला केला. डाव्या हाताला काही म्हणजे काही येत नव्हतं; चाळीस वर्षांच्या शाखाप्रमुखाच्या बोटांत कमट्या घुसल्या, बूड तीनदा उसवलं. आईचा हात त्यांच्या हातावर थरथरायचा आणि नेमका योग्य जागी आला की एक क्षण स्थिर व्हायचा. ललिता रोज चहा घेऊन येई आणि न विचारता विणीवर टीका करून जाई.

अकराव्या दिवशी टोपलीचा काठ बंद झाला. वळण डावीकडे होतं. जंगूबाईंनी रीतीप्रमाणे लेकीचे दोन्ही तळवे जोडून टोपलीत घातले. बरोबर बसले. त्या हातांकडे पाहतच राहिल्या.

"लई मोठी झाली वं ओंजळ," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टोपली बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि बेटापलीकडे उभ्या असलेल्या ललिताला हाक मारली. "ये वं पोरी. हिचं झालं. आता तू बस."

दुसरी मुद्रा त्याच आठवड्यात घेतली. छाया एकोणीस वर्षांच्या उजव्या हाताची आली. पुढच्या महिन्यात वर्गातल्या सतरा जणांच्या टोपल्या ललिताच्या ओंजळीएवढ्या, उजव्या वळणाच्या झाल्या; उरलेल्या तिघांनी यंत्रच नको म्हटलं आणि ते जंगूबाईंसमोर जाऊन बसले. ज्ञानशाखेच्या नोंदीच्या कागदावर एक नवा रकाना आला. मुद्रा घेण्याआधी प्रत्येक जाणत्या माणसाला विचारायचं: तुमचं कोणाला शिकवायचं राहिलं आहे का? त्या वर्षी हा प्रश्न ऐकून तीन म्हातारे उठून गेले, आणि आठवड्याने आपापला मुलगा, सून, नात घेऊन परत आले.

राहता राहिली पहिली मुद्रा. नियमाप्रमाणे सदोष मुद्रा पुसून टाकायची असते. देवतळ्यांनी तिचा कागद मैनाबाईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि ते खिडकीतून बाहेर पाहत उभे राहिले.

मैनाबाईंनी "सदोष" हा शब्द खोडला आणि "जतन करावी" लिहिलं. मग शिकणाऱ्याच्या रकान्यातलं ललिताचं नाव आणि वय खोडलं, पेन डाव्या हातात घेतलं, आणि पहिलीतल्या मुलीसारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, जीभ दाताखाली धरून, दुरुस्ती केली.

शिकणाऱ्याचे नाव: मैना टेकाम. वय: सहा.