गुरुवारची साखर

मुकुंदराव हेर्लेकर पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि त्यांची बायको त्यांना जांभळाच्या बिया कशा वाळवायच्या ते सांगत होती.

"सावलीत," ती म्हणाली. "उन्हात वाळवल्या तर पूड काळपट पडते. आपण हा प्रश्न कालही विचारला होता."

"विसरलो."

"काही बिघडत नाही. पुन्हा सांगते."

उज्ज्वलाताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. ओट्यावरच्या फोनमधून बोलत होता तो त्यांचा शोधनिबंध.

यात आता कोणाला नवल वाटत नसे. पूर्वी शास्त्रज्ञांचे निबंध छापून यायचे आणि जगात मोजकी माणसं ते वाचायची. मग निवेदक आले. निबंधाचा मजकूर, त्यामागची सगळी मोजमापं आणि लेखकाची भाषणं एका संगणक-प्रणालीला शिकवायची. मग कुठल्याही वाचकाने प्रश्न विचारावा आणि निवेदकाने उत्तर द्यावं. लेखकाची संमती असेल तर त्याच्याच आवाजात. जुन्या निबंधांना निवेदक बसवायचं काम निघालं तेव्हा उज्ज्वलाताई आजारीच होत्या. दवाखान्यातल्या खाटेवर बसून त्यांनी आवाज नोंदवून दिला. "मी गेल्यावरही कोणीतरी माझी उलटतपासणी घेईल, बरंच आहे," असं त्या म्हणाल्या होत्या.

निवेदक निबंधाबाहेरचं काही बोलत नसे. ताई गेल्यावर मुकुंदरावांनी पहिल्यांदा फोन लावला आणि विचारलं, "कशी आहेस?" उत्तर आलं, "हा प्रश्न या निबंधाच्या कक्षेत येत नाही." त्यांनी फोन बंद करून टाकला. बरेच दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. मग एकदा त्यांनी सहज बियांविषयी विचारलं आणि ताई भरभरून बोलत राहिल्या. वाक्य सुरू करण्याआधी हलकं खाकरायची त्यांची सवयही तशीच होती. तेव्हापासून मुकुंदराव रोज सकाळी काहीतरी विचारायचे. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या या इंजिनिअरला आता धरणांपेक्षा जांभळाची माहिती जास्त होती. बोलणारा कोण हे निवेदकाला ठाऊक नसल्यामुळे तो त्यांना आपण म्हणायचा. चाळीस वर्षांच्या संसारात मिळाला नाही तो मान आता मिळतोय, असं ते लोकांना सांगायचे.

दारात स्कूटर थांबली. तेजस्विनी ऐनापुरे आत आली. ती उज्ज्वलाताईंची विद्यार्थिनी, आता तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर होती.

"काका, मंजुरी आली. सोमवारपासून सुरू करतोय."

"तीनही तालुक्यांत?"

"तीनही. मधुमेहाचा नवा रुग्ण आला की पहिले सहा महिने फक्त जांभळाच्या गोळ्या. काकूंच्या निबंधात लिहिलंय तसंच. गरीब माणसाला घरच्या बियांचं औषध. काकूंना हेच हवं होतं."

मुकुंदरावांना बरं वाटलं. "बस. पोहे होतायत."

"पोहे नकोत. आज गुरुवार."

"तू कधीपासून उपास करायला लागलीस?"

"देवासाठी आई करते. मी खिचडीसाठी करते."

"डॉक्टर ना गं तू?"

"म्हणून तर गुपचूप खाते. साबुदाण्याने साखर कशी वर जाते ते दिवसभर पेशंटला सांगायचं आणि घरी येऊन दोन वाट्या हाणायच्या."

मुकुंदराव हसले. "खिचडी खावी ती माळेवाडीची. एकदा उज्ज्वलाच्या जीपचा ड्रायव्हर रजेवर होता, तेव्हा मी रजा टाकून रक्ताच्या नमुन्यांसाठी तिला घेऊन गेलो होतो. ती शाळेत सुया आणि बर्फ मांडत बसली. मी दत्ताच्या देवळात. आरती झाली की सगळं गाव तिथेच खिचडी खायचं. दाण्याचं कूट असं सढळ हाताने. दर गुरुवारी, वर्षभर, असं तिथलेच लोक सांगत होते. मग तास-दोन तास गप्पा मारून बायका रक्त द्यायला शाळेत जायच्या."

तेजस्विनीने उचललेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"काका, रक्त द्यायला कधी जायच्या?"

"सांगितलं ना. खिचडी खाऊन."

तिने ओट्यावरचा फोन जवळ ओढला. "मॅडम, माळेवाडीत रक्ताचे नमुने कोणत्या वारी घेतले?"

ताईंचा आवाज हलकं खाकरला. "गुरुवारी. संस्थेची जीप बुधवारी आणि गुरुवारी मिळत असे. बुधवारी चिंचणी, गुरुवारी माळेवाडी."

"गोळ्या कोणत्या गावाला दिल्या होत्या?"

"चिंचणीला. माळेवाडी तुलनेसाठी होती, तिथे गोळ्या दिल्या नाहीत. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली. चिंचणीची साखर स्पष्टपणे कमी आली."

"आणि आहार?"

"दोन्ही गावांत नेहमीचाच. आहारात काही बदल करू नये, असं बजावलं होतं."

बायकांनी खरंच काही बदललं नव्हतं. गुरुवारी खिचडी हाच माळेवाडीचा नेहमीचा आहार होता. चिंचणीच्या बायका बुधवारी ज्वारीची भाकरी आणि आमटी खाऊन आल्या होत्या. एकीकडे भाकरी, दुसरीकडे साबुदाणा आणि बटाटा. गोळ्यांनी काही केलं असेल किंवा नसेल, पण ते या आकड्यांवरून कळणार नव्हतं.

कढईतला कांदा करपायला लागला तसा मुकुंदरावांनी गॅस बंद केला.

"तिला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ती देवळात आलीच नाही. मी म्हटलं, चल चार घास खा. म्हणाली, नमुने कोण सांभाळणार, तू खा."

"माहीत असतं तर वार बदलला असता त्यांनी."

"जीप भांडून मिळवली असती."

दोघंही थोडं हसले. मग तेजस्विनी म्हणाली, "मी माझं काम थांबवते. सोमवारी सुरू करत नाही. कारण काहीतरी सांगेन. तुम्ही हरकत नका नोंदवू."

हरकत म्हणजे काय हे मुकुंदरावांना चांगलं माहीत होतं. कोणाही वाचकाने निबंधातली चूक दाखवून दिली आणि ती शाबीत झाली, की निबंध मागे घेतला जायचा आणि त्याचा निवेदक कायमचा बंद व्हायचा. नियम शहाणपणाचा होता. चुकीचं ज्ञान ओळखीच्या, प्रेमळ आवाजात बोलत राहिलं तर लोक त्यावरच विश्वास ठेवतात.

"आणखी कोण ऐकतं हा निबंध?" त्यांनी विचारलं.

"काका, कशाला आता."

"सांग ना."

"ओडिशात एक दवाखाना आहे. केनियात एक. परवाच त्यांनी मला विचारलं होतं, गोळ्या चालू केल्यावर आधीचं औषध बंद केलं तर चालेल का."

"तू काय सांगितलंस?"

"काकूंना विचारा म्हटलं."

ती गेल्यावर मुकुंदराव करपलेला कांदा टाकून नवा चिरायला बसले. भूक तर लागलीच होती. पोहे झाले, खाऊन झाले, चहा झाला. मग त्यांनी फोन समोर ठेवला.

"या निबंधात चूक असेल तर?"

कक्षेत येत नाही, असं उत्तर येईल असं त्यांना वाटलं होतं. निदान तशी आशा होती.

"तर ती मला दाखवावी," ताईंचा आवाज म्हणाला. "पुरावा काय आहे?"

"मी तिथे खिचडी खाल्ली."

"कृपया तपशील द्या."

मुकुंदरावांनी दिला. देऊळ, आरती, कूट, केळीच्या पानाचे तुकडे, तास-दोन तासांच्या गप्पा, सगळं. निवेदकाने मध्येमध्ये प्रश्न विचारले. किती बायका होत्या, प्रत्येकीने साधारण किती खाल्लं, गोड ताक होतं का. सगळे प्रश्न कक्षेतले होते. गेल्या दोन वर्षांत इतका वेळ ते एकमेकांशी बोलले नव्हते. शेवटी आवाज म्हणाला, "हे खरं असेल तर माझा निष्कर्ष टिकत नाही. आपण हरकत नोंदवावी. आपल्याला मदत करू का?"

"कर," मुकुंदराव म्हणाले. हरकतीचा मजकूर ताईंनीच सांगितला आणि त्यांनी तो पाठवून दिला.

चौकशीसाठी तेजस्विनी माळेवाडीला जाऊन आली. तेव्हाच्या काही बायका अजून होत्या. गुरुवारी खिचडी खायचात का, असं विचारल्यावर त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. एक आजी म्हणाली, "मग गुरुवारी काय मटण खाणार होय गं पोरी?" महिनाभराने निकाल लागला. निबंध मागे घेतला गेला. त्या दिवशी सकाळी मुकुंदरावांनी सवयीने फोन लावला तेव्हा एका परक्या, सभ्य आवाजाने तेवढंच सांगितलं.

त्यांना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. ती शेवटपर्यंत बरोबर वागली होती, आणि त्यांनीही तिला साथ दिली होती. ओडिशाच्या दवाखान्यातून आभाराचा निरोप आला. तिथे ज्यांचं औषध बंद होणार होतं, त्यांचं चालू राहिलं होतं.

पावसाळा संपता संपता तेजस्विनी पुन्हा आली. या वेळी घाईत होती.

"काका, काकूंची मोजमापं चुकीची नव्हती. एकही नाही. चुकला तो निष्कर्ष. वर्षभर, दर आठवड्याला, साबुदाणा खाल्ल्यावर मधुमेही बाईची साखर किती वाढते, याचे आकडे त्यांच्याइतके काटेकोर जगात कोणाकडे नाहीत. मी त्यावर नवा निबंध लिहिलाय. उपास करणाऱ्या बायकांना याचा खरोखर उपयोग होईल. पहिलं नाव काकूंचं."

मुकुंदराव म्हणाले, "तिला आवडलं असतं. आईला खिचडी सोडायला लावशील आता."

"आईचं जाऊ दे, माझं कठीण आहे." तिने पर्समधून संमतीचा कागद काढून पेनासह त्यांच्या हातात दिला. "एक विचारायचंय. नव्या निबंधाला निवेदक लागेल. निवेदकांची समिती म्हणते, पहिल्या लेखिकेचा आवाज द्या, घरच्यांनी सही केली की झालं. नोंदवलेला आवाज त्यांच्याकडे आहेच."

"उद्यापासून?"

"उद्यापासून. पुन्हा रोज सकाळी."

मुकुंदरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात शेजाऱ्यांची कोंबडी चिखलात पाय रुतवत चालली होती. जुन्या निबंधातलं प्रत्येक वाक्य उज्ज्वलाने स्वतः लिहिलं होतं, चुकीचंसुद्धा. या निबंधातलं एकही तिने पाहिलेलं नव्हतं. आवाज तिचा असेल, खाकरणं तिचं असेल, आकडे तिचे असतील. आणि सांगायचं ते तेजस्विनीने लिहिलेलं.

"ती हो म्हणाली असती का गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत, काका. तुम्ही सांगा."

ते चाळीस वर्षं तिच्याबरोबर राहिले होते. सही करायला पेन हातात होतं. पण हे नेमकं कोणाला विचारायचं?