न वाचलेला एक मेल

कृत्तिकाच्या घरच्या मेलपेटीत एक आकडा अडकून बसला होता. डावीकडे वर लिहिलेलं होतं, ‘न वाचलेले : १’, आणि पेटीत न वाचलेला मेल तर एकही दिसत नव्हता. तिनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली, जाहिरातींचा कचरा पडतो तो कप्पाही उपसला. नाहीच. एरवी असलं कोडं पडलं असतं तर पोरगी खूश झाली असती, पण आज तिला त्यात कसलीच मजा वाटत नव्हती.

कारण होतं थेट चंद्रावर. कृत्तिकाची आई, डॉ. वसुधा, गेलं वर्षभर चंद्रावरच्या तळावर राहून तिथल्या खडकांचा अभ्यास करत होती. सकाळच्या बातम्यांत सांगितलं, की तळाजवळ खडक घसरून एक शास्त्रज्ञ जखमी झाल्याचं समजतं. नाव जाहीर केलेलं नाही. बाकीच्यांनी आपापल्या घरी मेलनं खुशाली कळवली आहे. झालं, आता काय बोलायचं? साताऱ्यातल्या या घरी तर काहीच आलं नव्हतं.

अंतराळ केंद्राचा फोन लागेना, तेव्हा बाबा गाडी काढून स्वतःच पुण्याला चौकशीला निघाले. काही झालेलं नसणार, तू उगाच काळजी करू नकोस, असं तिला दोनदा बजावून गेले. आणि हे बजावणारा माणूस एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात आजोबांची, म्हणजे आबांची, चप्पल घालून गेला, हे कृत्तिकानं बघितलं होतं. त्यामुळे तिची काळजी कमी व्हायची ती दुप्पट झाली.

त्यात आणखी एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. काल तिनंच ‘निरोप्या’ची नवी आवृत्ती बसवली होती. निरोप्या म्हणजे त्यांच्या घरचा वेबमेल (ब्राउझरमध्ये उघडून मेल वाचायचा-लिहायचा प्रोग्राम). नव्या सोयी वाचून ती हुरळून गेली होती. आबा म्हणाले होते, सावकाश करू गं, घाई कशाला. पण ऐकेल ती कृत्तिका कसली! आता तिला वाटायला लागलं, आईचा मेल आला असणार आणि या नव्या आवृत्तीनं तो गिळला असणार. आपल्यामुळे. ती नवी आवृत्ती काढून टाकायलाच निघाली होती, तेवढ्यात आबांनी तिचा हात धरला.

आबा म्हणजे आईचे वडील, डॉ. दिनकर सबनीस. उभा जन्म संगणकशास्त्र शिकवण्यात गेलेला. एरवी हा माणूस कसा शांत, पण आज त्यांनीही सकाळचा चहा तसाच ठेवला होता. मुलगी त्यांचीच ना.

“मेल आलाच नाही, की आला आणि आपल्याला दिसत नाही?” आबा म्हणाले. “हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आधी ते वेगळे कर.”

कृत्तिकानं डोळे पुसले आणि विचार केला. ‘१’ हा आकडा येतो कुठून? आबांनी सांगितलं, सर्व्हरकडून (मेल साठवून ठेवणारा संगणक). त्याच्याकडे जे पडलेलं असतं तेच तो मोजतो. यादी मात्र तो लिहीत नाही, ती मांडतो निरोप्या. म्हणजे मेल आलेला होता. लपला होता तो मांडणीत. आणि मांडणीत कालपासून एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे संभाषण-मांडणी (मेल आणि त्याची उत्तरं एका गठ्ठ्यात घडी घालून ठेवण्याची सोय).

“पण कुठलं उत्तर कुठल्या मेलचं, हे त्याला कसं कळतं?” तिनं विचारलं.

आबा म्हणाले, अंदाज कशाला, त्यालाच विचारू. निरोप्या मुक्तस्रोत होता (म्हणजे त्याच्या पोटातला मूळ संगणकीय मजकूर कुणालाही वाचता आणि सुधारता येतो). आबांनी तो मजकूर उघडला, गठ्ठे बांधणारा भाग शोधला आणि तिला समजावला. प्रत्येक मेलच्या माथ्यावर आपल्याला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यांत त्या मेलचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो. आपण ‘उत्तर द्या’ दाबलं, की मूळ मेलचा क्रमांकही नव्या मेलवर आपोआप चढतो. पूर्वी घरोघर खुंटीला तार असायची आणि आलेली पत्रं तिच्यात टोचून ठेवायचे, तसंच हे. हा क्रमांक बघायचा आणि त्या तारेत टोचायचं, बस. आत काय लिहिलंय, विषय कुठला, हे निरोप्या बघतच नाही. आणि सगळा गठ्ठा ठेवतो तो पहिल्या मेलच्या तारखेला.

कृत्तिका ताडकन उठून उभी राहिली. आईची सवय तिला पक्की ठाऊक होती. आई नवा मेल कधी लिहायचीच नाही. पत्ता कोण टाकत बसणार, म्हणून कुठलाही जुना मेल उघडायची, ‘उत्तर द्या’ दाबायची, जुना विषय पुसायची आणि वाटेल ते लिहायची. कालपर्यंत यादी नुसती तारखेनं लागत होती, म्हणून त्यात काही बिघडत नव्हतं. आजचा मेल मात्र कुठल्या तरी जुन्या गठ्ठ्यात, घडीच्या आत जाऊन बसला होता.

‘सगळ्या घड्या उघडा’ असं बटण होतं. तिनं बोट त्याच्यावर नेलं आणि तिथेच थांबली. मेल आईनं लिहिलेला नसला तर? दुसऱ्याच कुणी लिहिला असला तर? आबा खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढून बसले. मग तिनं बटण दाबलं.

गेल्या वर्षीचा तिचाच एक मेल होता, ‘माझी दाढ पडली’. त्याच्या खाली एक ठळक ओळ उघडली, ‘घाबरू नका’.

“कृत्तिका, खडकाखाली सापडले ती मीच. उजवा हात मोडलाय, बाकी सगळी धड आहे. डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत लिहितेय. तुझा हा दाढेचा मेल मी इथे कायम वरच ठेवते, म्हणून त्यालाच उत्तर देतेय. पुढच्या यानानं घरी येतेय. बाबांना आणि आबांना सांभाळ.”

बातमी तीच होती, जिची सकाळपासून भीती होती. तरी कृत्तिका रडता रडता हसत होती. आबांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातलाच नाही. मग तिनं बाबांना फोन लावला. बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, सगळं ऐकलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मगच त्यांना आपल्या पायांतल्या चपला दिसल्या.

संध्याकाळी नात आणि आजोबा कामाला बसले. विषय पूर्ण बदललेला असेल तर उत्तरालाही नवा मेल समजून यादीत वर ठेवायचं, एवढीच दुरुस्ती होती. आबांनी ती लिहिली, कृत्तिकानं खोटे मेल पाठवून तपासली, आणि जगभरातले लोक मिळून निरोप्या घडवतात त्या ठिकाणी तिनं ती स्वतःच्या नावानं पाठवली.

दोन दिवसांनी एका जाणत्या सदस्याचा आक्षेप आला. दुरुस्ती नको, असं त्याचं म्हणणं होतं. चूक प्रोग्रामची नाही, वापरणाऱ्यांची आहे. नव्या विषयाला नवा मेल लिहावा, ही शिस्त लोकांनी शिकावी.

आबा तावातावानं मोठं उत्तर लिहायला बसले. कृत्तिकानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एकच ओळ लिहिली.

“माझ्या आईचा उजवा हात मोडला होता.”

नंतर त्याच सदस्यानं दुरुस्ती स्वतः तपासली, निरोप्यात घेतली आणि आईची तब्येत कशी आहे ते विचारलं. नवी आवृत्ती आता घरोघर जाईल, तळांवर जाईल, उद्या कुणी मंगळावर राहायला गेलं तर तिथेही जाईल. तिथून कुणीतरी घाईत, कसंबसं, जुन्याच मेलला उत्तर म्हणून चार ओळी लिहील, आणि घरी वाट बघणाऱ्यांना त्या पहिल्याच नजरेत दिसतील.