कारण न सांगितलेला अबोला

माझा चष्मा कार्यालयाच्या जिन्यात पडला आणि त्यावर मीच पाय दिला. दुसऱ्या कोणाची तशी हिंमत नव्हती. समोरच चष्म्याचे दुकान होते. तिथे एक तरुण चष्मेवाले होते. त्यांनी मला यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली.

"खाली नका बघू. माझ्याकडे बघा."

"हे धंद्याचं बोलणं की..."

"सध्या धंद्याचं," ते म्हणाले. "पुढचं, नंबर निघाल्यावर. काम काय करता?"

"सरकारी कागद वाचते."

खरे म्हणजे मी आर्थिक गुप्तवार्ता विभागात होते. बँकेला एखाद्या खात्याचा संशय आला की ती आम्हाला कळवी. काळा पैसा कोणत्या वाटेने पांढरा होतो, ते आम्ही शोधत असू. त्याविषयी बाहेर ब्र काढायचा नाही, हा पहिला नियम.

त्यानंतर माझ्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होऊ लागला.

"मॅडम, हा आपोआप सैल होत नाही. कोणीतरी करतं."

"कोणावर संशय आहे?"

"आहे... पण पुरावा मिळायला अजून चार-पाच भेटी लागतील."

वडील गेल्यावर थोरल्या भावाने, दादांनी, त्यांना शिकवले होते, हे दुकानही घालून दिले होते. दादांचे फर्निचरचे दुकान शेजारीच होते. एका सोमवारी स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता ते म्हणाले, "रविवारी घरी याल? दादा-वहिनींनी बोलावलंय."

"येईन," मी म्हणाले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

गुरुवारी एका बँकेचा अहवाल माझ्या टेबलावर आला. दादांच्या दुकानातून कागदोपत्री वर्षभर सोफासेट विकले जात होते. लाकडाची एक फळीही खरेदी झालेली नव्हती. मालकाचे नाव दोनदा वाचले आणि कागद घेऊन मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"कोण लागतात तुमचे?" बाईंनी विचारले.

"अजून कोणी नाही... रविवारी लागणार होते."

त्यांनी फाईल आपल्याकडे ओढली. "हे आता दुसरं कोणी बघेल. तुम्ही त्या घरी जायचं नाही, आणि का तेही बोलायचं नाही. 'कारण सांगता येत नाही' एवढं म्हणालात, तरी शहाण्याला पुरेल."

संध्याकाळी मी दुकानात गेले.

"रविवारी जमणार नाही."

"मग पुढच्या?"

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"नाही."

ते बराच वेळ एक स्वच्छ काच पुसत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी कार्यालयाच्या मागच्या फाटकाने येऊ-जाऊ लागले.

सात महिन्यांनी दादांना अटक झाली. त्याच आठवड्यात, दुपारच्या भुरभुर पावसात, चष्मेवाले मागच्या फाटकाशी उभे दिसले — छत्री होती, पण मिटलेली.

"तुमच्या ऑफिसची पाटी रोज समोर होती," ते म्हणाले. "चष्मेवाला असून कधी वाचली नाही. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

मी चष्मा काढून त्यावरचे थेंब पुसू लागले.

"नका बोलू. तुम्ही सांगितलं असतं, तर मी तसाच धावत दादाकडे गेलो असतो. त्यानं मला वाढवलंय... आज त्याच्या शेजारी मीही आत असतो."

"राग नाही आला?"

"आला ना. सात महिने दुसरं केलं काय? पण नीट बघितलं, तेव्हा कळलं... तुम्ही गप्प राहिलात त्याचा तो नव्हताच. तुम्ही येत नव्हता, त्याचा होता." त्यांनी घसा खाकरला. "माझ्याशी लग्न —"

"थांबा. वहिनी मला घरात घेतील?"

"लगेच नाही. कदाचित कधीच नाही." पावसाचे थेंब त्यांच्या भुवयांवर साचले होते. "पण दार मी उघडीन."

"मग आजच जाऊ," मी म्हणाले. "त्यांना दार लावायचंच असेल, तर माझ्या तोंडावर लावू द्या. तेवढा हक्क आहे त्यांचा."

त्यांनी छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.