कढीचं पातेलं

देवपुरात मदनलाल यांच्या घरी सोमवारी पूजेचं जेवण झालं आणि तासाभरात नऊ जणांना उलट्या सुरू झाल्या. मदनलालच्या बहिणीला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी उरलेली कढी पाहिली. तिच्यावर हिरवट झाक होती.

हवालदार सुकदेव महाले पोचले तेव्हा घरच्यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला होता : कल्हईवाला नासीर. गुरुवारीच त्याने तांब्याचं पातेलं कल्हई करून दिलं होतं, आणि आत तर उघडं तांबं दिसत होतं. त्यात आंबट ताक उकळलं की विषच होणार, हे मदनलालनी तीनदा ऐकवलं.

नासीरने एवढंच सांगितलं, की कथील लावल्याशिवाय भांडं त्याने कधी दिलेलं नाही. तोवर गल्लीतल्या चार घरांनी आपली भांडी त्याच्याकडून तशीच परत नेली होती.

दोन दिवस सुकदेव त्याच त्या उत्तरांत फिरत राहिले. गुरुवारनंतर सोमवारच्या स्वयंपाकापर्यंत पातेल्याला कोणी हात लावला नाही, असं सगळेच म्हणत. मदनलालची पत्नी कुसुमलता हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती स्वयंपाकघरात गेलीच नव्हती. मुलगा मनन रविवारी दिवसभर दिवाणखान्यात ड्रिलने नवी फळी बसवत होता. तांब्याची जुनी भांडी तो तिच्यावर मांडणार होता. सुकदेवना वैताग आला होता. खोटं कोण बोलतंय तेच कळेना.

त्यांनी मोलकरीण भिकुबाईला गाठलं.

"पातेलं कशानं घासता?"

"राख नि फडकं, भाऊ. तारनी घासणी या घरमा नही शे." म्हणजे तारेची घासणी घरात नव्हतीच.

"सोमवारी घासलं?"

शनिवार-रविवार ती गावी होती. सोमवारी आली तेव्हा पातेलं चुलीवर चढलेलं होतं. कढी नव्या सुनेने, हर्षिताने केली होती.

"आत लाल दिसलं नाही?" सुकदेवनी हर्षिताला विचारलं.

"दिसलं. तांबं लालच असतं ना? माझ्या माहेरी सगळं स्टीलचं."

तिसऱ्या दिवशी सुकदेव पातेलं घेऊन उन्हात बसले. मग त्यांनी नासीरला आणि घरच्या सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"दुमडलेल्या काठाखाली बघा. पांढरं कथील अजून आहे. म्हणजे कल्हई झाली होती. तळाला वर्तुळात वर्तुळं आहेत, एकसारखी. हाताने घासलं तर अशी उमटत नाहीत. फिरणाऱ्या यंत्राने उमटतात. रविवारी या घरात ड्रिल एकाच्याच हातात होतं. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश आज फळीमागे सापडला. त्यात कथलाची करडी भुकटी आहे."

मननने मान खाली घातली. फळीवर मांडल्यावर पातेलं आतूनही लालभडक दिसावं म्हणून त्याने ते घासलं होतं. कल्हईने काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ती चूक झाली," सुकदेव म्हणाले. "पण सोमवारी संध्याकाळी तुला सगळं कळलं होतं. तरी तू या माणसाचं नाव बदनाम होऊ दिलंस. ती चूक नव्हती."

मनन नासीरपुढे वाकायला गेला. नासीरने त्याला धरून उभं केलं.

"माफी इथं अंगणात नको, बेटा. ती चार घरं आहेत, तिथं जाऊन सांग."

मदनलाल काही म्हणणार होते. कुसुमलताने त्यांना थांबवलं, आणि मुलाला घेऊन ती स्वतः पहिल्या घराकडे निघाली.