साबेराची फुली

“अहो, नका उघडू ती होडी... हात जोडते तुम्हाला!”

साबेराच्या तोंडून शब्द निसटले आणि हातातला चहाचा कप बशीत खुळखुळला. राजमहंमद मिस्त्रीनं ग्राइंडर बंद केला, वळून बायकोकडं पाहिलं, आणि नऊ वर्षं पाहत आला होता तसंच पाहिलं... म्हणजे तिच्याकडं नव्हे, तिच्या खांद्यावरून पलीकडं!

“का न्हाई उघडायची? कुंडलिकभाऊ नऊ वर्षं दुसऱ्याची होडी मागून माणिकडोहच्या धरणात जाळी टाकतोय, अन् त्याची होडी माझ्या दारात सडतीया. आता नीट करूनच देणार. इंजिन बसवायच्या फळीला दोघं लागतील, म्हणून शाहनवाजलाबी बोलावलंय मंचरवरनं.”

शाहनवाज येणार! नुसत्या नावानंच साबेराचं काळीज हललं. सासू गेली तेव्हा सहा वर्षांचं ते पोर तिच्या पदराला धरून उभं होतं. तिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, मोठं केलं. आता तो ईदला यायचा, मान खाली घालून शीरखुर्मा खायचा आणि दुपारच्या एसटीनं परत जायचा. पोटच्या पोरासारखा दीर असा पाहुण्यागत जातो, याचं दुःख कुणाला सांगावं?

एके काळी या घराची रीतच निराळी होती. जुन्नरच्या त्या आळीत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा मिस्त्री एकटा राजमहंमद, आणि फायबरच्या आतली लाकडी फळी वाळली की नाही हे ठरवणारी साबेरा! फळी उन्हात तापली की तो अंगणातून हाक मारायचा, “साबेरा, हात लाव जरा!” ती पदराला हात पुसत धावायची, तळवा फळीवर टेकवायची, डोळे मिटायची. वाळली असेल तर कोपऱ्यात पेन्सिलीनं चांदकोर, ओली असेल तर फुली. फुली असलेल्या फळीवर फायबर चढवायचं नाही, ही त्या घरातली सक्त ताकीद होती. कारण ओल्या लाकडाला फायबर धरत नाही, आणि आत कोंडलेली ओल वरून रंग चकाकत असताना आतून सगळं कुजवते. “मशीन खोटं बोलंल, माझ्या साबेराचा तळवा न्हाई!” असं तो चारचौघांत सांगायचा, आणि आत चुलीपाशी तिचे कान लाल व्हायचे.

...आणि मग ते झालं. राजमहंमद दोन दिवस घाटघरला एका घराचे वासे चढवायला गेला होता. कुंडलिकच्या होडीची मागची फळी बसवायची राहिली होती. साबेरानं तळवा लावला. फळी आतून गार लागली. तिनं ठसठशीत फुली मारली आणि शाहनवाजला बजावलं, “दोन दिवस अजून ऊन दे, बाळा.” पण शाहनवाजचा निकाह आठ दिवसांवर आलेला, मंचरला कापडं घ्यायची घाई, गिऱ्हाईक दारात बसलेलं! त्यानं फुलीवरच फायबर चढवलं. चौथ्या दिवशी भर पाण्यात इंजिन पळवून बघताना फळी खालून सुटली, चालतं इंजिन उसळून वर आलं, आणि राजमहंमदच्या उजव्या हाताची दोन बोटं पंख्याच्या पात्यानं नेली.

दवाखान्याच्या ओसरीवर शाहनवाज तिच्या पायांपाशी बसून ढसाढसा रडला. “भाबी, भाईजानला कळलं तर जन्मात माझं तोंड बघायचे न्हाईत!” आत खाटेवर राजमहंमदनं डोळे उघडले आणि साबेराला एवढंच विचारलं, “तळवा लावला व्हतास?”

“व्हय,” ती म्हणाली, “...चुकला माझा तळवा.”

तो ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! त्यानं ओल मोजायचं मशीन विकत आणलं आणि हाक मारायचं सोडलं, ते कायमचं. नऊ वर्षं अंगणातला रंधा थांबला की साबेरा सवयीनं पदराला हात पुसायची, उंबऱ्यापर्यंत यायची, आणि बाहेर ते मेलं मशीन टुकटुक वाजायचं. शाहनवाजही स्वतःच्या शरमेनंच मंचरला जाऊन राहिला. ज्या दोघांना जोडून ठेवायला तिनं आळ पदरात घेतला, ते दोघंही तिला दुरावले होते.

आणि आज ती होडी उघडत होती! खालची अर्धी फळी राजमहंमदनं मोकळी केली होती. लाकूड कसलं, शिळ्या भाकरीचा काळा कुस्करा झाला होता. वरचा उजवा कोपरा तेवढा शाबूत होता, आणि तिथंच, फायबरच्या आत, तिची फुली होती.

तिसऱ्या प्रहराची, असरची अजान झाली. राजमहंमद हात धुऊन मशिदीकडं गेला. साबेरानं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि पटाशी उचलली. हा कोपराच काढायचा, पाण्याच्या बंबात घालायचा, विषय संपला! तिनं फायबर उचकटलं... आणि खाली ती दिसली. जाड सुतारी पेन्सिलीची, जशीच्या तशी. नऊ वर्षं जिच्यासाठी जीव आसुसला होता, ती तिची निर्दोष फुली! तिनं तिच्यावरून हळूच बोट फिरवलं, ओठ घट्ट मिटले, आणि पटाशी उगारली.

“भाबी... नको!”

मागून तिचं मनगट कुणीतरी धरलं. शाहनवाज होता, खांद्यावर अजून प्रवासाची पिशवी.

“सोड हात! ते येतील एवढ्यात.”

“येऊ दे! मंचरला रोज टेम्पोला फळ्या ठोकतोय, पर हरेक फळीवर मला हीच दिसतीया. तू फुली मारलीस, मी ती झाकली, अन् आळ तुझ्यावर येऊ दिला. किती सोसशील, भाबी?”

“काय झाकलंस?”

दारात राजमहंमद उभा होता, डोक्यावर टोपी तशीच. शाहनवाजनं कोपऱ्याकडं बोट केलं. मिस्त्री वाकला आणि उरलेल्या तीन बोटांनी ती फुली चाचपत राहिला.

“साबेरा, दवाखान्यात खोटं का बोललीस? बोल की गं!”

“तुमची दोन बोटं गेली व्हती...” तिला हुंदका आवरेना, “पाठचा भाऊबी जाऊ नये म्हणून!”

तो मटकन भुशातच बसला. “बोटांचं मी कधीच दुःख केलं न्हाई गं! तुझ्या तळव्यावरचा भरवसा गेला, म्हणून मेल्यागत जगलो... अन् तळवा तर चुकलाच नव्हता. खरं-खोटं न करता मीच भरवसा सोडला. मला माफ कर.”

“मारा मला, भाईजान!” शाहनवाज पुढं झाला. राजमहंमदचा हात उगारला गेला खरा, पण तो भावाच्या खांद्यावर येऊन टेकला.

“मारून काय व्हणार? ग्राइंडर घे. चांगलं लाकूड लागंस्तोवर सगळं सडकं काढ.”

शाहनवाज मंचरला परतलाच नाही. बाराव्या दिवशी नवी फळी अंगणात उन्हात पडली होती. कुंडलिक सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून होता. “मिस्त्री, चढवा की फायबर, राव! तुमचं मशीन वाळली म्हणतंय न्हवं?”

रंधा थांबला. आत कणीक मळता मळता साबेराचे हात सवयीनं पदराकडं गेले आणि तिथंच घुटमळले.

“साबेरा! ए साबेरा... हात लाव जरा!”

ती कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. हात धुतले, पुसले, तळवा टेकवला, डोळे मिटले. तिघं पुरुष श्वास रोखून उभे. किती वाटलं तिला, हो म्हणावं, आजच्या दिवशी कुणाला नाराज करू नये! पण...

“आतून गार लागतीया. अजून ओल हाय.”

“आता गं बया! म्हंजी अजून थांबू?” कुंडलिकनं कपाळावर हात मारला.

शाहनवाज फायबरचं सामान उचलून आत घेऊन गेला. राजमहंमदनं कानावरची पेन्सिल काढून बायकोपुढं धरली. साबेरानं फुली मारली, आणि डोळ्यांतलं पाणी टपकन तिच्यावरच पडलं.

“बघा राव, कुंडलिकभाऊ,” मिस्त्री तिच्याकडं बघत, अगदी तिच्याच डोळ्यांत बघत म्हणाला, “अजून एक दिवस वाढला!”